ख्रिस्ती धर्मातील कृपातत्त्व आणि पंडिता रमाबाईंची शांती

शालान्त परीक्षेचा निकाल लागला की आपल्याकडे घरोघर एक शब्द ऐकू येतो : ‘ग्रेस मार्क’. मुलाला दोनचार गुण कमी पडले होते, मंडळाने ते घातले आणि मुलगा सुटला. या सोयीच्या मुळाशी एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती अशी की, मुलाने बहुतेक मजल स्वतःच्या पायांनी मारलेली आहे. शेवटच्या पायरीवर दम संपला, तेवढ्यापुरता कोणी हात दिला. ज्याने उत्तरपत्रिका कोरी ठेवली त्याच्या वाट्याला ही सवलत येत नाही. ख्रिस्ती धर्मविचारात ‘ग्रेस’ या शब्दाला फार मोठे वजन आहे, पण तेथे त्याचा अर्थ आपल्या निकालपत्रातील अर्थाच्या जवळजवळ उलटा आहे. तेथे कृपा मिळते ती कोऱ्या उत्तरपत्रिकेच्या विद्यार्थ्याला. आणि खरी गंमत पुढेच आहे. ज्याने भरपूर लिहिले, नीटनेटके लिहिले, समासही सोडला, त्याला ती घेणे सर्वांत अवघड जाते.

हे विधान ऐकताना विपरीत वाटते, आणि ते तसे वाटले पाहिजे. दोन हजार वर्षे ख्रिस्ती लोकांनाही ते विपरीतच वाटत आले आहे. आजच्या विवेचनाचा हेतू कोणाला एका धर्मातून दुसऱ्या धर्मात नेण्याचा नाही, आणि कोणाला अडवून धरण्याचाही नाही. शेजाऱ्याच्या घरात देव्हाऱ्यापाशी नेमके काय चालते हे समजून घ्यावे, इतकाच तो आहे. हा शेजार आपल्याला नवा नाही. ठाण्याच्या खाडीकाठी 1321 साली चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेल्याची नोंद युरोपातील प्रवाशांनी करून ठेवलेली आहे. म्हणजे पोर्तुगीज येण्यापूर्वी पावणेदोनशे वर्षे हे नाव या किनाऱ्यावर ऐकू आले होते. आणि दिव्याहून कल्याणकडे जाणारी लोकल पकडली तर चौथे स्थानक ज्या गावाचे लागते, त्या कल्याणच्या शाळेत 1870 च्या आसपास एक ब्राह्मण मुलगा शिकत होता. तो पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक झाला. तेव्हा हा विषय परदेशातून आणावयाचा नाही, चार स्थानकांवर आहे. तरी त्यातला गाभा समजून घेण्यासाठी मी टिळकांपेक्षा पंडिता रमाबाईंचा आधार अधिक घेणार आहे. का ते पुढे दिसेल.

प्रथम शब्दांविषयी थोडेसे. आपण ‘शांती’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर मनाची निस्तरंग अवस्था येते; वारा पडलेला, पाणी स्थिर. बायबलातील शब्दाची जात वेगळी आहे. त्यामागचा हिब्रू शब्द ‘शालोम’. त्याचा मूळ रोख अखंडपणा, धडपणा, सुखरूपपणा यांकडे आहे. फुटलेले सांधले गेले, बिघडलेले ठीक झाले, की शालोम. पौल हा पहिल्या शतकातला प्रेषित जेव्हा देवाशी शांती असण्याची भाषा करतो, तेव्हा मनाच्या स्वास्थ्याआधी त्याला संबंध अभिप्रेत आहे. दोन भावांत वर्षानुवर्षे बांधावरून अबोला आहे; एके दिवशी थोरला उठून धाकट्याच्या दारी जातो आणि म्हणतो, झाले ते झाले, चल जेवायला. त्या क्षणी जे घडते त्याला मराठी बायबलाने फार सुरेख शब्द वापरला आहे : समेट. समेट आधी होतो, मन निवळणे मागाहून येते. कित्येकदा पुष्कळ मागाहून येते. धाकटा रात्रभर जागाच असतो, पण भांडण मिटलेले असते. शांती ही आधी एक वस्तुस्थिती आहे आणि मग एक भावना आहे, हा क्रम ध्यानात न घेतल्याने या विषयात मोठा घोटाळा होतो.

आता प्रश्न असा की, समेट कशासाठी? भांडण कोणते? सज्जन गृहस्थ म्हणेल, माझे देवाशी काही वाकडे नाही. मी कोणाचे घेतले नाही, कोणाला बुडवले नाही. या गृहस्थापुढे येशूचे डोंगरावरील प्रवचन ठेवावे. टिळकांच्या हाती नवा करार पडला तो नागपूरहून राजनांदगावला जाताना, आगगाडीत. एका सहप्रवासी युरोपियनाने तो दिला. टिळक त्या काळात स्वतःच एका नव्या धर्माची तत्त्वे मांडण्याच्या खटपटीत होते, आणि हे प्रवचन वाचून आपण शोधतो ते येथे आहे असे त्यांना वाटले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु त्या प्रवचनाचा एक गुण असा की ते जितके मोहक तितकेच निर्दय आहे. हत्या करू नकोस हे तर सर्वच धर्म सांगतात. येथे रागालाही त्याच न्यायासनापुढे ओढलेले आहे. व्यभिचार तर राहिलाच, नुसत्या नजरेचाही झाडा द्यावा लागतो. दान केले तर उजव्या हाताचे डाव्याला कळता कामा नये. शत्रूवर प्रेम करावयाचे. हे वाचून जो ‘वा, किती उदात्त!’ म्हणून थांबतो त्याने ते अर्धेच वाचले. ज्याने ते स्वतःला लावून पाहिले त्याच्या लक्षात येते की आपली उत्तरपत्रिका भरलेली दिसत असली तरी परीक्षकाच्या हिशेबी ती बहुतेक कोरीच आहे.

येथून दोन वाटा फुटतात. एक म्हणजे अधिक नेटाने लिहिणे : अधिक नियम, अधिक उपास, अधिक सेवा. दुसरी कोणती ते रमाबाईंच्या चरित्रात पाहू.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान आणि मोठे हट्टी. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना जातभाईंशी वाद घालावा लागला. घरादाराचा पैसा दानधर्मात संपल्यावर हे कुटुंब तीर्थामागून तीर्थ हिंडू लागले. पुराणे सांगावी, मिळेल ते खावे, त्यातलेही दान करावे. रमाबाईंनी 1907 साली आपली साक्ष म्हणून एक छोटे पुस्तक इंग्रजीत लिहिले, त्यात या दिवसांचे वर्णन आहे. शास्त्रात सांगितलेले काही करावयाचे त्यांनी शिल्लक ठेवले नव्हते. स्नाने झाली, व्रते झाली, जप झाले, देवांपुढे दिवसेंदिवस बसून झाले. दुष्काळ आला तेव्हा भीक मागण्याची लाज आणि मजुरी करण्याची सवय नाही, अशा कोंडीत ही मंडळी रानात पाला खाऊन राहिली. वडिलांनी जलसमाधीचाही विचार केला होता. थोड्या काळाच्या अंतराने वडील, आई आणि बहीण गेली. मागे राहिली रमा आणि भाऊ श्रीनिवास.

पुढची हकीकत बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून भरभर सांगतो. 1878 मध्ये कलकत्ता, तेथे ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या; 1880 मध्ये भावाचा मृत्यू आणि त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न; 1881 मध्ये मनोरमेचा जन्म; 1882 च्या आरंभी पटकीने पतीचा मृत्यू. चोविसाव्या वर्षी ही बाई तान्ह्या मुलीला घेऊन महाराष्ट्रात आली, पुण्यात तिने आर्य महिला समाज काढला, आणि 1883 मध्ये वैद्यकी शिकण्याच्या इच्छेने इंग्लंडला गेली. ऐकू कमी येत असल्याने ते शिक्षण साधले नाही. वाँटेज येथील जोगिणींच्या मठात त्या राहिल्या आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी तेथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला.

त्याआधी एक गोष्ट घडली होती. मठातील भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलम येथील एक गृह दाखवण्यासाठी नेले. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी ते होते. या स्त्रिया तेथे माणसांसारख्या राहत होत्या, काही तर आता दुसऱ्यांची सेवा करीत होत्या. रमाबाईंनी विचारले, तुम्ही यांच्यासाठी एवढे का करता? उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. भर दुपारी एकटीच पाण्याला आलेली, पाच नवरे झालेली, परक्या जातीची बाई; आणि येशू तिच्याजवळ प्यायला पाणी मागतो. आपल्याकडे पाण्याचा अर्थ कोणाला सांगावयास नको. जिच्या हातचे पाणी चालत नाही तिच्याकडेच तो पाणी मागतो आणि नंतर तिलाच जिवंत पाण्याविषयी सांगतो. ती सुधारून आल्यावर बोलू, असे तो म्हणत नाही. रमाबाईंच्या मनाने येथे ठाव घेतला. ज्या शास्त्रांचा त्यांनी अभ्यास केला होता त्यांत स्त्रीला स्वतंत्रपणे मोक्षाची वाट जवळजवळ नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो निष्कर्ष बरोबर की चूक यावर पंडितांनी खुशाल वाद घालावा. ज्या बाईने रानातला पाला खाऊन शास्त्र पाळले होते तिचा तो निष्कर्ष होता, हे विसरू नये.

गोष्ट येथे संपली असती तर ती धर्मांतराची एक गोष्ट झाली असती आणि आपल्या विषयाला फारशी उपयोगी पडली नसती. परंतु रमाबाई स्वतः सांगतात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे त्यांना शांती नव्हती. ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. ही आठ वर्षे रिकामी गेलेली नव्हती. याच काळात त्यांनी मठातल्या भगिनींशी व चर्चच्या अधिकाऱ्यांशी त्रैक्याविषयी, धर्ममतांविषयी पत्रांतून कडाडून वाद घातला. एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून काढल्यावर दुसऱ्याचे चढवून घेण्याची आपली तयारी नाही, असा त्यांचा पवित्रा होता. याच काळात त्या अमेरिकेत गेल्या, आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाला 1886 मध्ये हजर राहिल्या, ‘द हायकास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक 1887 मध्ये लिहिले आणि 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदासदन उघडले. बाहेरून पाहणाऱ्याला याहून यशस्वी आयुष्य कोणते दिसावे? आत मात्र काही बसत नव्हते. आपल्या हातून होणाऱ्या चुकांचे ओझे वाटे. तारण ही काहीतरी दूरची, हळूहळू पात्रता वाढवीत जाऊन शेवटी मिळवावयाची वस्तू आहे, अशीच त्यांची समजूत होती. तीर्थे मागे पडली होती, पण चालणे संपले नव्हते. मुक्काम बदलला, पायपीट तीच!

मला वाटते, या विषयाचे मर्म या एका जागी आहे. धर्म बदलला म्हणून हिशेबाची वही बदलत नाही. नव्या देवापुढेही माणूस जुनीच खातेवही उघडून बसतो.

याच सुमारास त्यांच्या वाचनात हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त आले. हा गृहस्थ कॉर्नवॉल परगण्यात पाद्री होता. मंदिरे बांधून, उपासनेची शिस्त राखून परगण्यात नावारूपाला आलेला. 1851 साली एका रविवारी व्यासपीठावर उभा राहून उपदेश करीत असता, आपण लोकांना सांगतो ते आपल्याला स्वतःला लागूच झालेले नाही, हे त्याला एकाएकी उमगले, आणि त्याचा आवाज असा पालटला की समोर बसलेल्या एका माणसाने ‘पाद्रीसाहेबांचेच परिवर्तन झाले!’ अशी आरोळी ठोकली. उपदेशकच श्रोत्यांच्या आधी बदलला, असा हा दुर्मिळ प्रकार. (आम्हां व्याख्याने देणाऱ्यांना हे उदाहरण जरा अडचणीचेच आहे.) असे प्रसंग ख्रिस्ती इतिहासात आणखीही आहेत. जॉन वेस्ली दीक्षा घेतलेला पाद्री होता, अमेरिकेत धर्मप्रचार करून निराश होऊन परतला होता. 24 मे 1738 च्या रात्री लंडनमधील एका लहानशा बैठकीत, ल्यूथरने रोमकरांस पत्राला लिहिलेली प्रस्तावना कोणी वाचत असता, त्याला प्रथम खात्री वाटली की ही क्षमा आपल्यासाठीही आहे. ल्यूथर तर व्रतस्थ संन्यासी. कबुलीजबाब देऊन देऊन त्याने आपल्या गुरूला जेरीस आणले होते. हे तिघेही अधार्मिक नव्हते. किंबहुना धर्म पाळता पाळताच ते थकले होते.

रमाबाईंना 1891 च्या सुमारास जे गवसले ते याच जातीचे. आपल्याजवळ देण्यासारखे काही नाही आणि देवाने काही मागितलेलेही नाही; जे व्हावयाचे ते क्रूसावर होऊन गेले आहे; ते भविष्यातले बक्षीस नसून आज हातात ठेवलेली देणगी आहे; ती घ्यावयाची इतकेच. त्यांनी ती घेतली. यात नवे ज्ञान काही नव्हते. ही सारी वाक्ये त्यांना आठ वर्षांपूर्वीही पाठ होती.

क्रूसाचा संबंध येथे कसा येतो, हा प्रश्न श्रोत्यांच्या मनात आला असेल. देवाला क्षमा करावयाची होती तर नुसती करावी. कोणाला तरी मरावयाचे कारण काय? ख्रिस्ती आचार्यांनी याची निरनिराळी उत्तरे दिली आहेत, आणि त्यांत एकवाक्यता नाही. मला समजते ते एका साध्या व्यवहारावरून. सावकाराने कुळाचे दहा हजारांचे खत फाडून टाकले. कूळ मोकळे झाले. पण ते दहा हजार गेले कोठे? हवेत विरले नाहीत. ते सावकाराच्या अंगावर पडले. क्षमा ही कधीच फुकट नसते, घेणाऱ्याला ती फुकट असते. ज्याने घरातल्या माणसाचा मोठा अपराध मनापासून पोटात घातला आहे त्याला ठाऊक असते की त्या रात्री आपल्याच पोटात आग होती. क्रूस म्हणजे देवाच्या पोटातली ती आग, असे म्हटले तर पंडितांना ते अपुरे वाटेल. पण आशय बराचसा हाती येतो. कर्माचे फळ चुकत नाही, हे तत्त्व येथे मोडलेले नाही. फळ चुकलेले नाही. ते दुसऱ्याने खाल्ले, असा हा दावा आहे. हा दावा ज्याला पटणार नाही त्याने तो नाकारावा. पण कृपा म्हणजे पापाकडे काणाडोळा, असा अर्थ करून नाकारू नये.

येशूने स्वतः हे तत्त्व सांगितले ते सिद्धांत मांडून नव्हे. त्याने गोष्टी सांगितल्या, आणि त्यातली एक तर आपल्या नाक्यावरची आहे. पहाटे एक मळेवाला मजूर आणावयास बाजारात जातो. ठरलेल्या रोजावर काही माणसे नेतो. मग नऊ वाजता, बारा वाजता, तीन वाजता पुन्हा जातो. संध्याकाळी पाच वाजताही काही जण उभेच असतात. का उभे आहात? तर, आम्हांला कोणी नेलेच नाही. त्यांनाही तो नेतो. तासाभराने काम सुटते आणि शेवटी आलेल्यांना पूर्ण दिवसाचा रोज मिळतो. पहाटेपासून उन्हात राबलेल्यांना वाटते, आता आपल्याला जास्त मिळणार. त्यांच्याही हातावर तोच रोज पडतो, आणि ते कुरकुरतात. आपल्याकडे सकाळी नाक्यानाक्यावर थापी-घमेली घेऊन उभी राहणारी माणसे ज्याने पाहिली आहेत, त्याला ही गोष्ट टीकाकारांच्या मदतीवाचून कळेल. अकरा वाजेपर्यंत ज्याला कोणी नेले नाही त्याच्या घरी संध्याकाळी पीठ लागत नाही असे थोडेच आहे? मळेवाला कामाच्या तासांकडे पाहत नाही, चुलीकडे पाहतो. पण आपण ही गोष्ट ऐकतो तेव्हा बहुतेक सर्वजण पहाटेच्या मजुरांच्या बाजूला उभे राहतो, आणि आपल्याला ती अन्यायाची वाटते. आपण स्वतःला पाच वाजताच्या रांगेत कधी धरतच नाही.

मग चांगले वागावेच कशाला? हा आक्षेप जुना आहे. पौलाच्या हयातीतच तो निघाला होता आणि त्याने आपल्या पत्रात स्वतःच तो उभा करून झिडकारला आहे. आक्षेप पोकळ मात्र नाही. कृपा स्वस्त करून विकणारे धर्मोपदेशक प्रत्येक शतकात झाले. दीट्रिख बॉनहोफर या जर्मन पाद्र्याने 1937 साली यावर कठोर ग्रंथ लिहिला. हिटलरच्या राज्यात निर्धास्त बसलेल्या, क्षमेचा सोयीस्कर आधार घेणाऱ्या चर्चला त्याने स्वस्त कृपेची व्यापारी म्हटले, आणि 9 एप्रिल 1945 रोजी तो स्वतः फासावर गेला. ज्याला मोठी क्षमा मिळाली त्याच्या वागण्यात ती उतरली नाही तर ती त्याने घेतलीच नाही, असे येशूच्याही एका दृष्टान्ताचे तात्पर्य आहे : राजाने अगणित कर्ज माफ केलेला चाकर बाहेर पडताच शंभर नाण्यांसाठी सोबत्याचा गळा धरतो. कृपा आणि कृती यांचा हा जो सांधा, त्यावरून सोळाव्या शतकात युरोपातील चर्च दुभंगले. रोमन कॅथलिक आणि ल्यूथरपंथी यांनी 31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबर्ग येथे संयुक्त निवेदनावर सह्या केल्या की, माणूस देवाला मान्य होतो तो कृपेने, स्वतःच्या पुण्याईने नव्हे, आणि सत्कृत्ये त्या कृपेतून निघतात. एवढ्या वाक्याला पावणेपाचशे वर्षे लागली. बारीक मतभेद अजून आहेत, त्यांत आज शिरत नाही.

हा विचार भारतीय मनाला अगदी परका आहे असे मानण्याचे कारण नाही. दक्षिणेतील श्रीवैष्णवांत याच प्रश्नावर दोन पंथ झाले. एकाने मर्कटन्याय मानला : माकडिणीचे पिलू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून असते, तसा भक्ताचाही प्रयत्न लागतो. दुसऱ्याने मार्जारन्याय : मांजरीचे पिलू काहीच करीत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. आपल्या वारकरी संतांनीही स्वतःच्या कर्तेपणाचा भार विठोबाच्या पायावर टाकलेला आहे. तुकोबांच्याच पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत. त्यामुळे ‘कृपा’ हा शब्द मिशनऱ्यांनी येथे आणला, असे म्हणता येणार नाही. तो आधीच होता, म्हणून तर मराठी ख्रिस्ती वाङ्मयाला भाषा मिळाली. वेगळेपणा आहे तो असा की, ख्रिस्ती श्रद्धा कृपेला एका ठराविक ठिकाणी, ठराविक राज्यपालाच्या कारकीर्दीत घडलेल्या घटनेला बांधते. ती घटना काढली तर ख्रिस्ती कृपातत्त्व उरत नाही. मार्जारन्यायाला असा दिनांक नाही.

आतापर्यंत शांतीविषयी बोललो. तिची किंमत कोणी दिली हेही सांगितले पाहिजे, नाहीतर चित्र खोटे होईल. टिळकांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. नवरा जिवंत असून घर मोडले, लहान मुलगा पदरात, आप्तांचा आसरा. चारपाच वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या टिळकांकडे परतल्या आणि जातिभेद हा देवाने केलेला नाही हे मनाला पटल्यावर 1900 साली त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना या दुःखावरचा त्यांचा विनोद आठवत असेल. टिळकांना जी शांती मिळाली तिचा भार काही वर्षे लक्ष्मीबाईंनी वाहिला, ही गोष्ट टिळकांच्या चरित्रकारांनी गौण मानू नये असे मला वाटते.

रमाबाईंनाही फुकट काही मिळाले नाही. शारदासदनात धर्मप्रचार होणार नाही असे वचन होते. 1891 नंतर त्यांच्या खोलीत प्रार्थना होई, दार उघडे असे आणि काही मुली येऊन बसत. त्यांना हाकलून देणे रमाबाईंना मान्य नव्हते. पुण्यात काहूर उठले. 1893 मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्यांनी सल्लागार मंडळ सोडले, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. दोन्ही बाजूंनी माणसे मोठी होती आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे समजण्यासारखे होते. ज्यांनी विश्वासाने विधवा मुली पाठवल्या त्यांना फसवणूक झाल्यासारखे वाटले यात नवल नाही. रमाबाईंना मात्र आपले दार लावून घेणे जमले नाही.

आणि मग जी बाई काही करून देव मिळवावा लागत नाही असे म्हणत होती तिने काय केले ते पाहावे. 1896-97 च्या दुष्काळात ती मध्यप्रांतात गेली. लहानपणी स्वतः पाल्यावर काढलेले दिवस तिला आठवत होते. तेथून तिने शेकडो मुली व स्त्रिया आणल्या. दौंडच्या अलीकडे केडगाव येथे मुक्तिसदन उभे राहिले. 1900 च्या दुष्काळात गुजराथेतून आणखी आल्या आणि संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम, तेलघाणी, छापखाना चालवला. अंध मुलींना वाचावयास शिकवले. फुलमला तिने जे गृह पाहिले होते तसेच, वाट चुकलेल्या म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी, कृपासदनही काढले. पुण्य साठविण्यासाठी तिने हे केले असते तर ते कोठेतरी पुरे झाले असते. हिशेबाने काम करणाऱ्याला थांबता येते. तिला ते आले नाही.

शेवटची बरीच वर्षे तिने बायबलाच्या भाषांतराला दिली. प्रचलित मराठी बायबलाची भाषा संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातल्या अडाणी बाईला ती समजत नाही, अशी तिची तक्रार होती. म्हणून ज्या पंडितेला कलकत्त्यात संस्कृतसाठी पदव्या मिळाल्या होत्या तिने हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतली आणि सोप्या मराठीत सबंध ग्रंथ नव्याने उतरविला. तिची एकुलती मुलगी मनोरमा, जिच्यावर पुढे सारा भार टाकावयाचा होता, ती जुलै 1921 मध्ये गेली. रमाबाई मुद्रिते तपासतच होत्या. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या. त्यांचे बायबल 1924 मध्ये केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडले. ते छापण्याचे काम केले मुक्तिसदनातल्या स्त्रियांनीच.